सोहोनी ‘नको’ म्हणाले त्या शुक्रवारी

विजयकुमार सोहोनींना आयुष्यात दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत. एक, कुणाकडे काही मागणं. आणि दुसरी, कुणी आपणहून दिलेलं पहिल्या खेपेला घेणं. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एका पंपांच्या कंपनीत ते ड्राफ्ट्समन होते. तिथे त्यांच्या खुर्चीची पाठ मोडली, तेव्हा त्यांनी कुणाला न सांगता ती सुतळीने बांधून टाकली आणि पुढचं दीड वर्ष जरा वाकून बसले. मॅनेजरकडे काम असलं की केबिनच्या दाराशी जाऊन उभे राहत. साहेबाने मान वर केली तर ठीक, नाही तर थोड्या वेळाने आले तसे परत. रोला भागातल्या एका हॉटेलात वेटरने चुकून त्यांच्यापुढे सुरमईचं ताट ठेवलं. सोहोनी मासे खात नाहीत. पण ‘हे माझं नाही’ म्हणायला जीभ रेटेना, म्हणून कडेचा भात आणि कांदा खाऊन, पूर्ण बिल देऊन आले.

पुण्यात असते तर हे सगळं खपून गेलं असतं. आपल्याकडे पाहुणा ‘नको’ म्हणतो तेव्हा यजमान ते मुळी ऐकतच नाही. दुसऱ्यांदा विचारतो, तिसऱ्यांदा वाढतोच, आणि पाहुणा ‘अहो, अहो’ करत सगळं संपवतो. या रिवाजावर सोहोनींचं पोट पुण्यात भरत आलं होतं. शारजात मात्र केरळी, पठाण, इजिप्शियन, फिलिपिनो अशी जगभरातली माणसं. त्यांना ‘नको’ म्हटलं की ती खरंच पुढे निघून जायची. सोळा वर्षं झाली तरी सोहोनींना दर वेळी याचं नवल वाटायचं. मग घरी येऊन ते प्रमिलाला म्हणायचे, ‘चहा टाकतेस का जरा?’ प्रमिला गॅस पेटवायची. बायकोपाशी तेवढं मागता येत होतं, हे त्यातल्या त्यात नशीब.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीतली गोष्ट. परेश म्हणून शिपिंगमध्ये काम करणारा एक उत्साही तरुण सोहोनींच्याच बिल्डिंगमध्ये राहायचा. थंडीत दर शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, तो मराठी मंडळींना डोंगरात चालायला न्यायचा. प्रमिलाला याची गोडी लागली होती. इतकी वर्षं गाडीच्या काचेतून पाहिलेला देश पायाखालून जातो याचंच तिला अप्रूप. त्या वेळचा बेत मोठा होता. डोंगरातल्या एका ‘वादी’तून, म्हणजे पावसाळी ओढ्याच्या कोरड्या पात्रातून, उतरायचं. मग खडीचं माळरान ओलांडायचं. शेवटी लाल वाळूच्या टेकड्या चढून मलैहाच्या रस्त्यावर निघायचं. तिथे परेशचा ड्रायव्हर जहूर व्हॅन घेऊन थांबणार होता. सोहोनींची मुलगी सृष्टी झोपेतूनच म्हणाली, ‘यू गाइज आर क्रेझी, आई,’ आणि तिने पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

पहाटे व्हॅनमधून उतरल्या उतरल्या परेशने विचारलं, ‘सोहोनी, एक्स्ट्रा पाणी आहे का हो? आमचा क्रेट जहूरच्या गाडीतच राहिला बहुतेक, आणि तो तर गेला.’ सोहोनींकडे पाण्याच्या मोठ्या चार बाटल्या होत्या. त्यांनी लगेच दोन काढून दिल्या. आपल्याला किती लागेल, वाट किती लांबची आहे, ऊन कधी चढतं, यातलं एकही विचारलं नाही. प्रमिलाने नुसतं पाहिलं.

सकाळ मात्र अशी होती की कुणाचाही राग टिकू नये. दोन्हीकडे काळपट तपकिरी डोंगर, अंगावर गवताची काडी नाही, सगळे खडक तडकलेले. पण पात्राच्या एका वळणावर अचानक पाणी लागलं. वीतभर खोल, आणि त्यात बोटाएवढे मासे. पुढे एका दगडी बंधाऱ्यामागे खजुराची दहा-बारा झाडं, लिंबाचं एक, आणि त्यांच्या मुळाशी खळखळत जाणारा पाट. प्रमिला पाटात हात घालून बसली. ‘अहो, कोकणात आल्यासारखं वाटतंय, फक्त डोंगर कुणीतरी भाजून ठेवलेत,’ ती म्हणाली. सोहोनी हसले. त्यांनाही बरं वाटत होतं.

पाट मागे पडला आणि थोड्या वेळाने प्रमिलाच्या उजव्या बुटाने जबडा उघडला. तळवा पुढून सुटून फटफट वाजू लागला. हे बूट तिने रोलाच्या सेलमध्ये घेतले होते. ‘पंचेचाळीस दिरहम, म्हणजे चारशे रुपयांच्या वरच झाले की,’ असं म्हणून जपून ठेवले, आणि तीन उन्हाळे बाल्कनीतल्या कपाटात राहिले. तिथल्या उन्हाळ्यात कपाटातली मेणबत्तीसुद्धा वाकते, बुटाचा गोंद कुठला टिकायला. सोहोनी खाली बसून रुमालाने तो तळवा बांधू लागले. पुढे परेश आणि त्याचे तिघे मित्र बोलत बोलत वळणाकडे चालले होते.

‘हाक मारा ना त्यांना,’ प्रमिला म्हणाली.

‘एवढ्यासाठी कशाला? त्यांचा रिदम तुटेल. आपण गाठू की लगेच.’

चौघे वळणाआड गेले. रुमाल बांधून होतो न होतो तोच डावा बूटही सुटला. त्याला बॅगेचा पट्टा कापून बांधला. दोघं वळणावर पोचली तेव्हा पुढे कुणीच नव्हतं, नुसते दगड आणि दोन शेळ्या. सोहोनींनी घसा साफ केला, तोंडापाशी हात नेला, आणि पुन्हा खाली घेतला. कुणी ऐकायलाच नाही तर ओरडून काय करायचं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं कारण त्यांनाही माहीत होतं.

पात्र रुंद होत होत अकराच्या सुमारास डोंगर संपला. पुढे खडीचं माळरान, इतकं सपाट की आभाळ पायापर्यंत आल्यासारखं. मधे मधे काटेरी बाभळी, त्यांच्या शेंड्यांना तोंड लावून उभे उंट, आणि गाड्यांच्या चाकांचे माग दहा दिशांना गेलेले. पार टोकाला लाल रेघ दिसत होती, ती वाळू. आता वाट चुकण्यासारखं काही नाही, लाल रेघेकडे चालत राहायचं, असं सोहोनी म्हणाले. मात्र परेशची मंडळी नक्की कुठल्या मागाने गेली, ते कळायला मार्ग नव्हता. पहाटे विचारून घ्यायला हवं होतं.

बांधलेले बूट तासाभरात कामातून गेले. प्रमिला नुसत्या आतल्या कापडी तळव्यावर चालू लागली. फेब्रुवारी असला तरी खडी तापली होती. सोहोनींनी आपले बूट काढून तिच्यापुढे धरले.

‘नको. मला मोठे होतात. आणि तुम्ही काय करणार?’

‘घाल गं.’

‘नको म्हटलं ना.’

एक बाटली संपली. दुसरीतलं पाणी दोघंही ‘तू घे, तुम्ही घ्या’ करत घोटाघोटाने पीत होती. सोहोनी ओठ ओले करून बाटली परत देत. मधूनच ते तिच्या पावलांकडे बघत आणि नजर काढून घेत. प्रमिलाचं बोलणं बंद झालं होतं, आणि ती न बोलता चालते म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं त्यांना संसारात कळलं होतं.

अशा वेळी मागून धुरळा उठला आणि एक पांढरी पिकअप त्यांच्यापाशी येऊन थांबली. मागे कडब्याच्या पेंढ्या आणि पाण्याची निळी पिंपं. खिडकीतून एक दणकट पठाण बाहेर डोकावला. त्याने आपलं नाव हमदुल्ला सांगितलं, तो जवळच्या शेतावर कामाला होता.

‘भाईसाब, पैदल किधर? आओ, बैठो. सड़क तक छोड़ देगा. पानी पियो.’

देवच धावला म्हणायचा. आणि विजयकुमार सोहोनी, घसा कोरडा, बायकोचे पाय सोललेले, हसून म्हणाले, ‘नहीं नहीं, शुक्रिया! बस, पहुँच ही गए. आप क्यों तकलीफ़...’

आता त्याने म्हणायचं होतं, ‘अरे, तकलीफ़ कैसा?’ मग सोहोनी म्हणणार होते, ‘नहीं, सच में.’ मग त्याने दार उघडून प्रमिलाचा हात धरून तिला बसवायचं होतं. सोहोनींच्या मनात सगळं तयार होतं. पण हमदुल्लाच्या मुलखात माणूस नाही म्हणाला म्हणजे नाही. त्याने प्रमिलाकडे एकदा पाहिलं. ती खाली बघत उभी होती. मियाँबिवी शौकाने चालतायत तर आपण मधे कशाला पडायचं, असं त्याला वाटलं असणार. ‘ठीक है. ख़ुदा हाफ़िज़,’ म्हणून त्याने छातीवर हात ठेवला आणि पिकअप निघून गेली. पिंपांतलं पाणी हिंदकळल्याचा आवाज दोघांनी ऐकला.

धुरळा बसेपर्यंत सोहोनी हात अर्धवट वर धरून उभेच होते.  प्रमिला ओरडली असती, चिडली असती, तर त्यांना परवडलं असतं. ती नुसती पुन्हा चालायला लागली.

लाल वाळूपाशी पोचायला चार वाजले. दुरून रेघेसारखी दिसणारी ती वाळू जवळ आल्यावर दुमजली घराएवढ्या टेकड्या निघाल्या. पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत, आणि एक पाऊल वर चढलं की अर्धं खाली. पहिल्याच टेकडीच्या पायथ्याशी एक मोठं झाड होतं, बारीक पानांचं, वाळूवर सावली धरलेलं. तिथले लोक त्याला गाफ म्हणतात. प्रमिलाने वर पाहिलं.

‘ही शमी आहे ना हो?’ ती म्हणाली. तिचा आवाज खोल गेला होता. ‘गणपतीला वाहतो ती.’ आणि ती बुंध्याला टेकून खाली बसली. पोटरीत गोळा आला होता, डोळ्यांपुढे अंधारत होतं. बाटली उलटी केली तर झाकणभर पाणी निघालं.

‘तुम्ही जाऊन बघा कोणी दिसतंय का. मी बसते इथे.’

‘एकटी?’

‘मग काय करणार? उठवत नाही मला.’

सोहोनी घाबरले. खरंखुरं घाबरले. दोन तासांत अंधार पडणार होता. हिला काही झालं तर, एवढाच विचार डोक्यात होता आणि पुढचा येत नव्हता. हातापायांवर रांगत ते टेकडी चढले. माथ्यावर पोचले आणि त्यांना हुरूप आला, कारण पलीकडच्या उतारावर माणसं होती.

शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे तिथल्या लोकांची वाळूवर बसायची वेळ. एका लँडक्रूझरच्या आडोशाला सतरंजी पसरलेली, तिच्यावर तोंडावर बुरखा घेतलेली एक म्हातारी पाय लांब करून बसलेली. तिचा मुलगा कंदुऱ्याच्या, म्हणजे पायघोळ पांढऱ्या अंगरख्याच्या, बाह्या सरसावून निखाऱ्यांना वारा घालत होता. पाण्याची पेटी होती, किटली होती, सगळं होतं.

सोहोनी उतरले आणि सतरंजीपासून वीस पावलांवर जाऊन थांबले. बाईमाणूस बसलंय, आपण एकदम कसं जायचं. त्यांनी हात पुढे जुळवले, आणि केबिनच्या दाराशी उभे राहत तसेच उभे राहिले. कुणीतरी मान वर करून पाहील म्हणून.

पाहिलं. मुलाने पंखा थांबवला. ‘सिद्दीक, किया चाहिए?’ तिथे ‘सिद्दीक’ म्हणजे दोस्त.

‘कुछ नहीं, कुछ नहीं,’ सोहोनींच्या तोंडून निघून गेलं. ‘ऐसे ही.’

शब्द गेला तो गेला. मुलाने खांदे उडवले आणि पुन्हा निखाऱ्यांकडे वळला. सोहोनी तसेच मागे फिरले, वर चढले, आणि माथ्यावरून त्यांना ते झाड दिसलं. मघाशी बुंध्याला टेकून बसलेली प्रमिला आता कुशीवर आडवी होती. पिवळी ओढणी वाळूवर पसरली होती आणि ती सावरायला तिचा हात हलत नव्हता.

त्यानंतर काय झालं ते सोहोनींना नीटसं सांगता येत नाही. ते वळले आणि उतारावरून पळत, पडत, पुन्हा उठत ओरडू लागले. हिंदी नाही, इंग्रजी नाही, शुद्ध मराठीत. ‘पाणी! पाणी द्या! माझी बायको पडलीय तिकडे! गाडी काढा, आत्ता काढा! अहो, ऐकताय ना? मला पाणी पाहिजे!’ थेट सतरंजीवर जाऊन त्यांनी म्हातारीच्या पुढ्यातली बाटली उचलली. विचारलंसुद्धा नाही.

त्या म्हातारीचं नाव जैनब. तिला मराठीतलं अक्षर कळलं नसेल, पण तीच पहिल्यांदा उठली. ‘यल्ला, यल्ला!’ म्हणून तिने मुलाच्या पाठीत धपका घातला, किटलीशेजारचं ताकाचं भांडं उचललं आणि चपला न शोधता गाडीत चढून बसली. गाडी टेकडीला वळसा घालून झाडापाशी आली.

प्रमिलाचे डोळे उघडे होते. ‘बसवेना म्हणून आडवी झाले हो,’ ती पुटपुटली, ‘केवढ्याने ओरडलात तुम्ही!’

सोहोनींचा जीव भांड्यात पडला. ते वाळूतच फतकल मारून बसले आणि रडू लागले. मधेच हसायलाही लागले, ते का तेही त्यांना कळेना. जैनबने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने एक फडकं ओलं करून प्रमिलाच्या मानेवर ठेवलं, आधी पाण्याचे लहान घोट दिले, मग मीठ घातलेलं ते ताक. तिथे त्याला लबन म्हणतात. प्रमिला भांड्याला तोंड लावून सगळं प्याली. ‘ताकच आहे. जरा घट्ट आहे एवढंच,’ तिने निकाल दिला. गालावर रंग परत येऊ लागला होता.

आणि मग सोहोनी मागू लागले. ते सुरू झाले ते थांबेचनात. आणखी एक बाटली मागितली. उशाला लोड मागितला. परेशला लावायला मुलाचा मोबाइल मागितला. सतरंजीवर परत आल्यावर जैनबच्या मुलाने सळईवर भाजलेलं मांस पुढे केलं तेव्हा ‘मैं नहीं खाता, रोटी दो. गरम दो. उसके लिए भी दो,’ म्हणाले. मग त्यांनी जैनबच्या चपलांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, ‘अम्मा, ये भी दो. इसके पाँव देखो.’ म्हातारी बुरख्याआडून खळखळून हसली. चपला तर तिने दिल्याच, वर खजुरांचा डबा दिला, आणि मुलाला अरबीत असं काही सांगितलं की तोही हसू लागला.

वाळू केशरी झाली होती तेव्हा परेश व्हॅन घेऊन पोचला. पळतच आला. ‘सोहोनी! प्रमिलावहिनी! अहो, कुठे गायब झालात? आम्ही दोन तास रस्त्यावर अपडाऊन करतोय, सॉलिड टेन्शन आलं होतं. पण ऑल ओके ना? काही प्रॉब्लेम नाही ना झाला?’

सोहोनींच्या ओठांवर ‘छे छे’ आलंच होतं. ते त्यांनी गिळलं.

‘झाला, परेश. मोठा प्रॉब्लेम झाला. हिचे बूट फुटले तेव्हा मी हाक मारली नाही, ती चूक माझी. पण डोंगर उतरल्यावर तुम्ही थांबून एकदाही मागे बघितलं नाहीत. आणि सकाळी माझ्या दोन बाटल्या घेतल्यात, त्या मी द्यायला नको होत्या. पुढच्या वेळी मी देणार नाही.’

परेशचा चेहरा पडला. ‘सॉरी, सोहोनी. खरंच सॉरी, वहिनी. तुम्ही येताच असं धरूनच चाललो होतो मी.’ तो मनापासून बोलत होता. सोहोनींनी मान डोलावली. बोलल्यावर आकाश कोसळलं नव्हतं. परेश उलट त्यांची बॅग उचलून घेऊन चालला होता.

जैनबचा निरोप घेऊन सगळे निघाले. व्हॅनमध्ये मागच्या सीटवर दोघंच होती. पुढे जहूर गाडी चालवत होता, बाकीची मंडळी पेंगत होती. प्रमिलाने पाय वर घेऊन मांडी घातली होती. 

‘एक विचारू?’ सोहोनी हळूच म्हणाले. ‘तो पिकअपवाला थांबला होता तेव्हा तू का नाही बोललीस? तू ‘हो’ म्हणाली असतीस तर बसलोच असतो ना आपण.’

प्रमिला बाहेर बघत होती. ‘तुम्ही नको म्हणालात ना. परक्या माणसासमोर तुमचा शब्द कसा मोडायचा?’

ती तक्रार करत नव्हती. पाऊस पडला की छत्री उघडायची, इतक्या साधेपणाने ती ते म्हणाली. सोहोनी तिच्याकडे बघत राहिले. सोळा वर्षं आपण स्वतःपुरतं ‘नको’ म्हणतोय असं ते समजत आले होते. शेजाऱ्यांकडचं सरबत, कंपनीची मोठ्या फ्लॅटची ऑफर, पुण्याला जास्त दिवस राहायची रजा. प्रत्येक वेळी शेजारी ही उभी होती, तहानलेली, आणि त्यांचं ‘नको’ मोडू नये म्हणून गप्प.  त्यांनी तिचा हात हातात घेतला. तिने तो राहू दिला.

धैद गावाचे दिवे दिसू लागले. रस्त्याकडेला एका छोट्या कॅफेटेरियाची ट्यूब लागली होती, बाहेर दोन खुर्च्या होत्या. प्रमिलाची मान तिकडे वळली आणि गाडीबरोबर मागे मागे जाऊन पुन्हा समोर आली. 

‘जहूरभाई!’ सोहोनी ओरडले, इतक्या मोठ्याने की पुढचे चौघे दचकून जागे झाले. ‘गाड़ी रोको. पीछे लो. मैडम को चाय चाहिए.’

‘अहो,’ प्रमिला लाजून कुजबुजली, ‘मी कुठे म्हटलं?’

‘तू म्हणत नाहीस, म्हणूनच तर,’ सोहोनी म्हणाले, आणि गाडी थांबायच्या आतच दार सरकवून खाली उतरले.